सल्ला हवा: डेकवरच्या ब्रॅकेटच्या टोकाशी स्ट्रेस नेमका कुठे वाचायचा?

खाडीवाला: मंडळी, जयगडच्या खाडीत चालणाऱ्या बार्जचं काम आहे. डेक प्लेट १२ मिमी, त्यावर फिलेट वेल्डने (कोपऱ्यातल्या तिकोनी वेल्डने) उभा ब्रॅकेट. वारंवारच्या भाराने तिथे क्रॅक येईल का, ते बघायचंय. शेल मॉडेलमध्ये (प्लेटचं जाडी न काढलेलं संगणकी मॉडेल) मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी, बारीक करावी तसा टोकाशी स्ट्रेस चढतच जातो. कोणता आकडा धरू?

मिऱ्याबंदर: टोकावरचा कोणताच नको. तो कोपरा टोकदार असल्यामुळे आकडा कधी स्थिरावणारच नाही. हॉट स्पॉट पद्धतीने जा, म्हणजे थोडं दूरचे स्ट्रेस वाचून त्यावरून कोपऱ्यातला काढायचा. एलिमेंट (जाळीतले तुकडे) आठ नोडचे (जोडबिंदूंचे), जाडीएवढे, म्हणजे १२ × १२ मिमी. शेलमध्ये वेल्ड काढत नाही, म्हणून अंतर दोन प्लेट जिथे मिळतात तिथून मोजा. ६ मिमी आणि १८ मिमीवर डेकच्या वरच्या पृष्ठभागाचा स्ट्रेस घ्या. हे पहिल्या दोन एलिमेंटचे मध्य आहेत, त्यामुळे कोपऱ्यातल्या नोडचा फुगलेला आकडा आत येत नाही. प्लेटच्या मध्यपातळीवरचा घेतलात तर बेंडिंग सुटतं. ही चूक सर्रास होते.

मग सरळ रेषेत कोपऱ्यापर्यंत न्या: पहिला × १.५ वजा दुसरा × ०.५. समजा १४८ आणि ११६ एमपीए आले, तर २२२ − ५८ = १६४. पडताळा म्हणून दुसरी पद्धत, नुसता पहिला आकडा × १.१२: १४८ × १.१२ = १६६. जुळलं.

खाडीवाला: आभार! हे १६४ कोणत्या कर्व्हला (स्ट्रेसवरून किती फेरे टिकेल ते सांगणाऱ्या आलेखाला) लावू?

वेल्डगेज: डीएनव्ही या जहाज-वर्गीकरण संस्थेच्या सी२०३ या फटीग मार्गदर्शिकेतल्या डी कर्व्हला. पण १६४ ही रेंज (एका फेऱ्यातल्या कमाल-किमान स्ट्रेसमधला फरक) हवी, नुसता कमाल स्ट्रेस नव्हे. हवेत साधारण ३.३ लाख फेरे मिळतात, खाऱ्या पाण्यात उघडं लोखंड गंजत असेल तर १.१ लाख. आयुष्य स्ट्रेसच्या घनाने घटतं. स्ट्रेस १० टक्के कमी धरलात तर हिशोबातलं पाव आयुष्य मुळात नसतंच.

आणि हे सगळं टोवरच्या, म्हणजे वेल्ड प्लेटला मिळतो त्या कडेवरच्या, क्रॅकपुरतं. फिलेटचा गळा (वेल्डची सर्वात कमी जाडी) बारीक असेल तर क्रॅक वेल्डच्या आतल्या मुळापासून निघतो, हॉट स्पॉटला तो दिसत नाही. गळ्यातला स्ट्रेस वेगळा काढून डब्ल्यू३ कर्व्हला लावा.

खाडीवाला: आयुष्य कमी पडतंय. टो ग्राइंड करून भागेल?

मिऱ्याबंदर: आधी ब्रॅकेटचं टोक निमुळतं करा आणि त्याच्या बरोबर खाली डेकला आधार आहे ना बघा. ग्राइंडिंग शेवटी: अंडरकटच्या (वेल्डच्या कडेला पडलेल्या खाचेच्या) तळाखाली निदान ०.५ मिमी, ओरखडे वेल्डला आडवे. त्यावर रंग टिकला तरच फायदा मोजा, गंजून खड्डे पडले की फायदा गेला. नारळी पौर्णिमेनंतर बार्ज कामाला लागण्याआधी तेवढ्या टोकांचा रंग काढून मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (चुंबकाने पृष्ठभागावरचे क्रॅक शोधणारी तपासणी) करून घ्या.