'जुनाट', 'सुप्त' की 'कायम बाधित'?

प्रश्न: एका शोधनिबंधाचं भाषांतर करतेय. एचआयव्हीचा 'पर्सिस्टंट' संसर्ग असलेल्या पेशींच्या कल्चरवर औषध तपासलं आहे. 'जुनाट संसर्ग' लिहू की 'सुप्त'?

उत्तर: कल्चरला पेशीसंवर्धन लिहा. खरं तर काम विरजणाचंच, जुन्यातलं थोडं काढून ताज्या माध्यमात घालायचं. पण छापील मराठीत संवर्धन रुळलंय.

'जुनाट' नको. जुनाट खोकला म्हटलं की आपण महिने मोजतो. इथे मुद्दा काळाचा नाही. विषाणूच्या आरएनएवरून डीएनए तयार झाला, तो पेशीच्या डीएनएत जोडला गेला, आणि पेशी न मरता विभागत राहिली. आता प्रत्येक नव्या पेशीत तो आपसूक उतरतो.

'सुप्त'ही सरसकट चालणार नाही. 1984 मध्ये विषाणूतज्ज्ञ रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत ज्या पेशींत हा विषाणू वाढवला, त्यांतली एच9 सेल लाइन (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेला पेशींचा वाण) बाधित होऊनही तगते आणि सतत विषाणू बाहेर टाकते. तिला सुप्त कसं म्हणायचं? उलट 1987 ची यू1 सेल लाइन पाहा. तीव्र संसर्गातून वाचलेल्या यू937 या सेल लाइनच्या पेशींपासून ती काढली. एरवी जवळजवळ गप्प. टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन घाला, की एलायझा या प्रथिन मोजणाऱ्या चाचणीत माध्यमातलं विषाणूचं पी24 प्रथिन चढलेलं दिसतं.

म्हणून माझा आग्रह 'कायम बाधित'चा. बाधित ही पेशीची स्थिती. सुप्त किंवा सक्रिय हे विषाणूचं वागणं. दोन्ही एका शब्दात कोंबू नका.

प्रश्न: मग सरळ 'लागण झालेल्या पेशी' का नको? सोपं आहे.

उत्तर: सोपं आहे, आणि नव्या संसर्गाला तोच शब्द मला सर्वांत आवडतो. पण ऊसवाल्यांची भाषा आठवा: लागण वेगळी, खोडवा वेगळा. लागणीला नवं बेणं लावावं लागतं. खोडवा तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटतो. एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध आरएनएचा डीएनए होऊ देत नाही, म्हणजे नवी लागण अडवतं. कायम बाधित पेशीत ती पायरी केव्हाच उरकलेली असते, त्यामुळे तिथून विषाणू निघतच राहतात. प्रोटिएज रोधक औषधं (विषाणूचे कण पक्के करणारं विकर अडवणारी) दिली तरी कण बाहेर पडतात, पण कच्चे. ते पुढच्या पेशीला बाधा करू शकत नाहीत. तुमच्या निबंधात औषध यातल्या कुठल्या पायरीवर काम करतं ते आधी बघा. 'लागण रोखली' आणि 'निर्मिती रोखली' यांची गल्लत झाली तर निष्कर्षच उलटा छापला जाईल.