मदत हवी आहे: आवर्तसारणीच्या तक्त्यात 43, 83 आणि 94 ला कोणता रंग द्यावा?

नमस्कार मंडळी,

मुलीच्या प्रकल्पासाठी आवर्तसारणीचा मोठा तक्ता करायला घेतलाय. (प्रकल्प मुलीचा, जागरण माझं. असो.) तीन रंग ठरवले: स्थिर मूलद्रव्यं हिरवी, निसर्गात सापडणारी किरणोत्सारी पिवळी, प्रयोगशाळेत बनवलेली लाल. अणुक्रमांक 82 पर्यंत हिरवं, 92 पर्यंत पिवळं, पुढे 118 पर्यंत लाल. तासाभरात उरकेल असं वाटलं होतं.

43 पाशीच गाडी अडली. टेक्नेशियम! डावीकडचं मॉलिब्डेनम ठणठणीत, उजवीकडचं रुथेनियम ठणठणीत, मधलं हे एकटं किरणोत्सारी. 61 वर प्रोमेथियमची तीच गत. मुलगी म्हणते, "आई, जड अणू फुटतात म्हणालीस ना, मग हे हलके कशाला फुटतात?" मी गप्प.

शिवाय बिस्मथ (83) जुन्या पुस्तकात स्थिर आहे, नव्या पुस्तकात किरणोत्सारी. प्लुटोनियम (94) लाल करून टाकलं, तर आता वाचते की ते युरेनियमच्या खनिजातही असतं. आणि 113 चे म्हणे 9 वर्षांत 3 अणू मिळाले. ते बघितले कोणी?

जाणकारांनी कृपया सांगावं. तक्ता परवा द्यायचाय.

प्रतिसाद 1

43 ची गोष्ट जागेच्या भांडणाची आहे. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही विषम संख्येत असले की सहसा ते टिकत नाही (अपवाद आहेत, पण जवळपास सगळे अगदी हलक्यांत). टेक्नेशियमचे प्रोटॉन 43, म्हणजे न्यूट्रॉन सम हवेत. म्हणून त्याला टिकायचंच तर वस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज) 95, 97, 99 किंवा 101 असा काहीतरी लागेल.

आता दुसरा नियम. शेजारच्या दोन मूलद्रव्यांचे वस्तुमानांक सारखे असतील, तर दोघंही एकाच वेळी स्थिर राहू शकत नाहीत. ज्याची ऊर्जा जास्त, ते बदलून दुसरं होतं. 95 आणि 97 मॉलिब्डेनमने आधीच बळकावलेत, 99 आणि 101 रुथेनियमने. टेक्नेशियमला बसायला जागाच उरत नाही. 61 चंही तसंच: 143, 145 निओडिमियमकडे, 147, 149 समॅरियमकडे.

म्हणूनच हा कप्पा इतकी वर्षं रिकामा होता. 1937 मध्ये पेरिए आणि सेग्रे या शास्त्रज्ञांनी इटलीतल्या पालेर्मोत ते ओळखलं, तेही अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. आज रुग्णालयांत हाडांच्या, हृदयाच्या स्कॅनला टेक्नेशियम-99एम वापरतात. त्याचा अर्धायुष्यकाल (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ) 6 तास, साठवणार कसं? मग मॉलिब्डेनम-99 (66 तास) भरलेलं उपकरण आणून ठेवतात आणि लागेल तसं त्यातून टेक्नेशियम काढून घेतात. या उपकरणाला गमतीने गाय म्हणतात, रोज धार काढायची!

प्रतिसाद 2

समॅरियम-147 सुद्धा अल्फा कण (2 प्रोटॉन आणि 2 न्यूट्रॉनचा गठ्ठा) सोडतं बरं का, फक्त अर्धायुष्यकाल 10,000 कोटी वर्षांच्या वर आहे. वरच्या युक्तिवादाला धक्का लागत नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहिलं.

प्रतिसाद 3

ताई, गोंधळ तुमच्या रंगांत आहे. "टिकतं का?" आणि "आलं कुठून?" हे दोन वेगळे प्रश्न तुम्ही एकाच रंगात कोंबलेत. पृथ्वी बनतानाचं प्लुटोनियम-239 कधीच संपलं, कारण त्याचा अर्धायुष्यकाल जेमतेम 24,100 वर्षं. पण खनिजातलं युरेनियम-238 एखादा न्यूट्रॉन गिळतं, त्याचं नेपच्युनियम होतं, मग प्लुटोनियम. लेशमात्र असतं, पण ताजं असतं. टेक्नेशियमही युरेनियमच्या विखंडनातून (केंद्रक फुटण्यातून) तसंच अंशमात्र तयार होतं.

बिस्मथचा क्षय 2003 मध्ये मोजला गेला. अर्धायुष्यकाल सुमारे 2 वर 19 शून्यं इतकी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाच्या 100 कोटी पटींहून जास्त. जुनं पुस्तक खोटं बोलत नव्हतं, तेव्हा कोणाला ते मोजता आलं नव्हतं इतकंच.

प्रतिसाद 4

113 म्हणजे निहोनियम. जपानच्या रिकेन संस्थेत बिस्मथवर जस्ताच्या केंद्रकांचा मारा करून 2004, 2005 आणि 2012 मध्ये एकेक अणू मिळाला. डोळ्यांनी कोणीच पाहिला नाही. अणू शोधकयंत्रात रुततो आणि त्याच जागेवरून एकामागून एक अल्फा कण निघतात. प्रत्येकाची ऊर्जा आणि वेळ नोंदतात. तिसऱ्या अणूने असे 6 अल्फा सोडले आणि साखळी मेंडेलेव्हियम-254 पर्यंत आली. वाटेतले टप्पे ओळखीचे निघाले, त्यावरून मूळ पुरुष कोण ते कळलं. वंशावळ उलटी वाचायची.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! लाल रंग रद्द. आता हिरवा आणि पिवळा दोनच, आणि जे आधी प्रयोगशाळेत बनलं त्याच्या चौकटीला तुटक रेघ. बिस्मथ पिवळं केलं, पण फिकट. 43 च्या कप्प्यात मुलीने बारीक अक्षरात "जागा नाही" असं लिहिलंय. एक शेवटचं: 85 आणि 87 ला तुटक रेघ येईल का?

प्रतिसाद 3

85 ॲस्टाटाइनला हो, ते 1940 मध्ये आधी बनवलं गेलं, निसर्गात नंतर सापडलं. 87 फ्रान्सियमला नको. ते 1939 मध्ये मार्गरित पेरे यांना ॲक्टिनियमच्या क्षयातच सापडलं होतं.