कार्यालयातील भाषण आणि सभाधीटपणा : आपले अनुभव लिहावेत

निरोप समारंभ, सुरक्षा सप्ताह, वर्धापनदिन, मराठी भाषा गौरव दिन अशा निमित्तांनी ‘आता आपणही दोन शब्द बोला’ असा आग्रह झाला, की एरवी कामात कोणाला न ऐकणाऱ्या माणसाचीही बोबडी वळते. शालेय वक्तृत्वाविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु ज्यांच्यासोबत रोज डबा खातो त्यांच्याचसमोर माइक घेऊन उभे राहण्याची भीती निराळी असते, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच शेजारी बसायचे असते. ‘आत्मविश्वास बाळगा’ असा मोघम सल्ला नको आहे. नेमके काय केल्यामुळे फरक पडला, ते लिहावे.

पर्यवेक्षक, चाकण

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची (नॅशनल सेफ्टी कौन्सिल) स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली, म्हणून आमच्या कारखान्यात त्या दिवशी पहिल्या पाळीच्या सुरुवातीला सर्वजण शॉपवर जमतात, शपथ होते आणि एक कामगार बोलतो. यंदा ते काम माझ्याकडे आले. तालमीत लक्षात आले की हात थोडासा कापला तरी फुलस्केप कागद चांगलाच फडफडतो, तो आवाज माइकमधून ऐकू येतो आणि तो ऐकून हात आणखी कापतो. मग लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पाच मुद्दे ठळक अक्षरांत लिहून घेतले. जाड पुठ्ठा थरथरत नाही. दुसरे असे, की सुरक्षेवरचे सुविचार गाळून प्रेस मशीनवर दोन्ही हातांनी दाबायची बटणे का असतात, एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले तर काय होऊ शकते, एवढेच सांगितले. हा विषय माझ्या हाताखालचा असल्यामुळे पहिल्या मिनिटानंतर मी भाषण करतो आहे हेच विसरलो. नव्या पोरांना काम समजावताना बोलतो तसाच बोललो.

निवृत्त बँक अधिकारी, सातारा

माझी अडचण भाषणात नव्हतीच, ती त्याआधीच्या नामावळीत होती. ‘व्यासपीठावर उपस्थित सन्माननीय…’ म्हणून सुरुवात करायची आणि विभागीय व्यवस्थापकांचे आडनाव आठवेना की पुढचे सगळे कोसळायचे. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितले, ‘अहो, सूत्रसंचालकाने नावे घेतली आहेत ना, मग आपण “अध्यक्ष महोदय आणि मित्रहो” म्हणा आणि सरळ विषयावर या.’ त्यानंतर मी फक्त पहिली दोन वाक्ये शब्दशः पाठ करू लागलो, मधला भाग मुद्द्यांवर सोडला, आणि शेवटचे वाक्यही ठरवून ठेवले, कारण थांबायचे कोठे हे माहीत नसलेला माणूस अधिक घाबरतो. संपूर्ण भाषण पाठ करू नये. एक शब्द निसटला की घशाला कोरड पडते.

वैद्यकीय अधिकारी, नाशिक

धडधड, कोरडे तोंड, कापरे हात ही ॲड्रेनलिनची लक्षणे आहेत, ती आजाराची नव्हेत. श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावला, तर नाडी थोडी मंदावते. काही जण ऐकीव माहितीवर प्रोप्रानोलोल हे धडधड कमी करणारे औषध घेतात, याची मात्र मला काळजी वाटते. दम्याच्या रुग्णाला ते धोकादायक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

संगणक अभियंता, हिंजवडी

मला मराठीची भीती नव्हती, सर्व कर्मचाऱ्यांच्या सभेत इंग्रजीतून बोलण्याची होती. टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करून घेणाऱ्या संस्थेच्या शाखेत जाऊ लागले. तेथे तयार भाषणाला साधारण पाच ते सात मिनिटे मिळतात, हिरवा, पिवळा, लाल अशा खुणांनी वेळ दाखवतात, आणि आपण किती वेळा ‘अं… अं…’ केले हे मोजणारा एक सभासदही असतो. सुरुवातीला ते मोजणे अपमानास्पद वाटले. पुढे तोच मला सर्वांत उपयोगी भाग वाटला. तेथेच सावित्स्की आणि गिलोविच यांच्या २००३ मधील संशोधनाविषयी कळले. आपली घबराट श्रोत्यांना दिसते त्याहून जास्त दिसत असेल, असे वक्त्याला वाटते; हे ज्यांना आधी समजावून सांगितले, त्यांची भाषणे अधिक चांगली ठरली. मी माझे मोबाइलवरील चित्रीकरण पाहिले, तेव्हा हे पटले: आतून कोसळलेली मी पडद्यावर बऱ्यापैकी शांत दिसत होते.

लिपिक, जिल्हा परिषद

निरोप समारंभात भीतीपेक्षा गळा दाटून येण्याचा प्रश्न अधिक असतो. मी साहेबांचे गुणवर्णन टाळून त्यांच्या टेबलावरील हिरव्या शाईच्या पेनाविषयी बोललो. लोक हसले आणि माझाही आवाज मोकळा झाला.

कार्यक्रम समिती सदस्य, ठाणे

वरील सर्वांनी वक्त्याने काय करावे ते लिहिले आहे, पण निम्मी भीती आयोजक निर्माण करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐनवेळी नाव पुकारायचे, माइकची उंची बदलायची नाही, आणि चहा समोर आल्यावर शेवटच्या माणसाला बोलायला उभे करायचे, हे सर्रास चालते. आम्ही आता आठवडाभर आधी विचारतो, किती मिनिटे बोलायचे ते सांगतो, नवख्यांना सुरुवातीला संधी देतो आणि सभागृह रिकामे असताना माइकवर एकदा बोलून पाहू देतो. तरीही नको म्हणणाऱ्यांना पुष्पगुच्छ देण्याचे काम देतो. ते काम मिळवण्यासाठी आमच्याकडे सध्या बरीच चढाओढ आहे.