ताज बघायचा की ताजमध्ये राहायचं? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-३०४ : नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवार-रविवारी मुलांना आणि सासूबाईंना घेऊन मुंबईला जायचं चाललंय. सासूबाईंना ताज हॉटेल आतून बघायचंय, मला नणंदेच्या लग्नाचं कापड घ्यायचंय. मुक्काम करावा की नुसता चहा घेऊन यावं?

सी-१०२ : बी-५०१ ताई जाऊन आल्यात ना सगळ्यांना घेऊन? सांगा हो ताई.

बी-५०१ : हो, एक रात्र राहिलो. सविस्तरच लिहिते. आधी खरेदीचं, कारण तिथेच सगळं गणित अडतं. मंगलदास मार्केट रविवारी बंद असतं. त्यामुळे कापड शनिवारीच. सकाळची डेक्कन क्वीन धरा, साडेदहाच्या आत सीएसएमटीला उतरता. टॅक्सीने हॉटेलवर जाऊन आधी बॅगा ठेवा. खोली दुपारी ताब्यात मिळते, पण सामान ठेवून घेतात. मग मोकळ्या हातांनी मंगलदासला जा. गल्ल्या अरुंद आहेत, सासूबाईंना त्या गर्दीत नेऊ नका. त्या आणि मुलं कुलाब्याला थांबू देत.

डी-२०३ : क्रॉफर्ड मार्केटही तिथेच शेजारी. १८६९ ची इमारत. तिचं नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे आपल्या पुण्याच्या मंडईची नावबहीण! आतलं कारंजं जरूर बघा, रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी त्याचं डिझाइन केलं होतं.

बी-५०१ : बरोबर काका. सुका मेवा, मसाले आम्ही तिथूनच घेतले.

सी-१०२ : ताज म्हणे चुकून उलटा बांधला गेला, आणि ते बघून आर्किटेक्टने जीव दिला. खरंय का हे?

बी-५०१ : नाही हो, ही नुसती दंतकथा आहे, आणि मला तिचा फार राग येतो. पूर्वीचं प्रवेशद्वार मुद्दामच शहराच्या बाजूला होतं, घोडागाड्या तिकडून यायच्या. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. पुढे चेंबर्स नावाच्या इंग्रज इंजिनिअरने काम पुरं केलं. एका मराठी माणसाच्या हातची एवढी देखणी वास्तू, आणि आपण त्याचं नाव घ्यायचं सोडून आत्महत्येची गोष्ट पुढे ढकलत बसतो. मुलांना वैद्यांचं नाव आवर्जून सांगा.

डी-२०३ : आणि हेही सांगा की ताज सुरू झाला १९०३ च्या डिसेंबरमध्ये, तेव्हा समोर गेटवे नव्हताच. गेटवे खुला झाला १९२४ साली. आपण मात्र फोटो काढताना दोन्ही जुळे असल्यासारखे धरतो.

ए-३०४ : हे माहीतच नव्हतं काका! आत मुलांना कंटाळा नाही ना येणार?

बी-५०१ : जिन्यापाशी घेऊन जा. जुन्या इमारतीच्या मधोमध, घुमटाखाली आहे. मधे खांबाचा आधार दिसत नाही, पायऱ्या भिंतीतून निघून वर वर जातात. तो बांधला सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांनी. जवळच जमशेटजी टाटांचा अर्धपुतळा आहे. वरच्या मजल्यावर उभं राहून खाली बघा आणि मग तळाशी येऊन मान वर करून बघा, दोन्ही वेळा वेगळंच दिसतं. माझी धाकटी तिथून हलायलाच तयार नव्हती. पहिल्या महायुद्धात इथे सहाशे खाटांचं रुग्णालय होतं म्हटल्यावर मोठ्याचे प्रश्न संपेनात.
आणखी एक. २००८ च्या हल्ल्यात तिथे गेलेल्यांच्या नावांचं स्मारक आहे. तिथे सेल्फी नको, मुलांना आधीच समजावून न्या. आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. त्यात हॉटेलचे कर्मचारीही आहेत, पाहुण्यांना सोडून न पळालेले.

ए-३०४ : नक्की. आता खर्चाचं बोला ताई, मुक्काम परवडेल का?

बी-५०१ : भाडं तारखेप्रमाणे बदलतं, त्यामुळे आकडा देत नाही. माझं स्पष्ट मत सांगते. दिवसभर बाजारात फिरणार असाल तर खोलीवर पैसे घालवू नका. सी लाउंजमध्ये दुपारचा चहा घ्या. पहिल्या मजल्यावर आहे, खिडकीतून गेटवे आणि बोटी दिसतात, सासूबाईंना निवांत बसता येईल. पण राहायचंच ठरवलंत, तर मग दुपारनंतर हॉटेलबाहेर पडूच नका. राहणाऱ्यांना इमारत फिरवून माहिती सांगतात, खोली घेतानाच त्या फेरीची वेळ विचारा. खोली मागताना जुनी इमारत हवी असं स्पष्ट सांगा. शेजारचा टॉवर १९७३ चा आहे. सोयी तिथेही उत्तम, पण तुम्ही ज्यासाठी जाताय ते जुन्या भागात आहे.

सी-१०२ : हॉटेलमधल्या दुकानांत खरेदी?

बी-५०१ : बघायला छान, घ्यायला महाग. किरकोळ वस्तू, कानातली, पर्स यांसाठी मागे कुलाबा कॉजवे आहेच. तो रविवारीही चालू असतो. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याने सुरुवात करा आणि निघून जायची तयारी ठेवा, लगेच बोलावतात.

डी-२०३ : रविवारी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय करा. चालत जाण्यासारखं आहे. दुपारी जेवून पाच-दहाची डेक्कन क्वीन, रात्री साडेआठला पुण्यात.

ए-३०४ : मग ठरलं. राहायचं कुलाब्यातल्या साध्या हॉटेलात, शनिवारी सकाळी मी एकटी मंगलदासला, आणि चारला सगळे सी लाउंजला. सासूबाई आत्ताच कुठली साडी नेसायची ते बघतायत.

बी-५०१ : वा! मग टेबल आजच सांगून ठेवा, शनिवारी गर्दी असते. खिडकीजवळचं मागा, आणि आजींना गुडघ्यांचा त्रास आहे, लिफ्ट कुठे आहे तेही फोनवरच विचारून घ्या.

ए-३०४ : लगेच करते फोन. कापडाचे फोटो शनिवारी दुपारी टाकते, रंगाबद्दल मतं द्यायला सगळ्या तयार राहा.