पहिल्या कुटुंबांबरोबर पहिला पाटही आठवावा
दक्षिण अर्जेंटिनातील चुबुत नदीच्या खोऱ्यात ब्रिटनमधल्या वेल्सहून येऊन वसलेल्या लोकांच्या वंशजांनी स्मरणदिनी मूळ कुटुंबांची नावे वाचली की पुरे, असे या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे. मला ते अपुरे वाटते. ‘मिमोसा’ जहाजातून आलेली सुमारे दीडशे माणसे २८ जुलै १८६५ रोजी पातागोनियाच्या, म्हणजे त्याच दक्षिण भागाच्या, किनाऱ्यावर उतरली, तेव्हा तिकडे ऐन हिवाळा होता, आणि ज्या खोऱ्याच्या सुपीकतेची वर्णने ऐकून ती निघाली होती ते प्रत्यक्षात कोरडे निघाले. तेहुएल्चे या मूळ रहिवाशांनी पावाच्या बदल्यात मांस दिले, शिकार शिकवली, म्हणून ती तगली. पुढे १८६७ मध्ये नदीचे पाणी पाट काढून शेतात घेण्याची कल्पना त्या वसाहतीतल्या रेचल जेंकिन्स यांना सुचली, असे सांगतात. खोऱ्यातला गहू त्या पाटांवरच उभा राहिला.

दरवर्षी २८ जुलैला, त्या उतरण्याच्या स्मरणदिनी, तेथील चॅपेलांत (लहान प्रार्थनामंदिरांत) चहा, लोणी-जॅम लावलेला पाव आणि केक मांडून वंशज एकत्र बसतात, हे मला फार मोलाचे वाटते.

लालबागच्या चाळीत आमच्या ग्रामस्थ मंडळाची खोली आहे. तिथल्या पाटीवर वर्गणीदारांची नावे पांढऱ्या रंगात लिहिली आहेत, पण गावच्या खाचरांचे बांध ज्यांनी घातले त्यांतले एकही नाव तिथे नाही. माझ्या आजीला ती सगळी तोंडपाठ होती, आणि आम्ही ती वेळेवर उतरवून घेतली नाहीत. चुबुतच्या स्मरणात तेहुएल्चे आणि पाट खणणारे हात दोन्ही यावेत, असे मी म्हणतो ते यामुळेच.