विषय: बाहेरच्या खोलीतून बेडरूममध्ये भिंतीतून नेटवर्कची केबल नेण्याबाबत

बी-६०४, शनिवार, सकाळी ८.५०
सर्वांना नमस्कार. आमचा राउटर बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी आहे आणि मी ज्या बेडरूममध्ये बसून काम करतो ती त्याच्या लगेच पलीकडे आहे. योजना ४०० एमबीपीएसची आहे आणि राउटरजवळ तेवढा वेग मिळतोही. पण बेडरूमचे दार लावले की तो ३०-४० वर येतो आणि कार्यालयाच्या बैठकीत माझा आवाज तुटू लागतो. मधल्या भिंतीला भोक पाडून केबल न्यावी असा विचार आहे. त्यासाठी समितीची परवानगी लागते का, आणि आपल्यापैकी कोणी असे काम करून घेतले असल्यास काय काळजी घ्यावी, हे कृपया सांगावे.

सचिव, सकाळी ९.२०
घराच्या आतल्या विटांच्या भिंतीला एखादे भोक पाडण्यासाठी लेखी अर्जाची आवश्यकता नाही. मात्र कॉलम, बीम आणि स्लॅब यांना ड्रिल लावता येणार नाही. दुपारी २ ते ४ आणि रविवारी पूर्ण दिवस ड्रिलचे काम बंद ठेवावे. केबल खिडकीतून बाहेर काढून इमारतीच्या दर्शनी भिंतीवरून फिरवू नये, ही विनंती मी यापूर्वीही अनेकदा केली आहे.

बी-२०३, सकाळी ९.४५
६०४, कारागिरावर सगळे सोपवून आत चहा ठेवायला जाऊ नकोस, एवढेच मी अनुभवाने सांगते. आमच्याकडे घड्याळासाठी खिळा बसवताना कारागिराने स्विचबोर्डच्या बरोबर वर, वीतभर अंतरावर ड्रिल घातले आणि अर्ध्या घराची वीज गेली. माणूस सुखरूप राहिला, पण ती एक वायर बदलण्यासाठी भिंत दोन फूट फोडावी लागली आणि रंगाचा तो डाग अजून दिसतो.

ए-५०१, सकाळी १०.३०
काकूंनी मूळ मुद्द्यालाच हात घातला आहे. नोकरीत असताना मी बरीच वर्षे कार्यालयांमध्ये अशा केबली टाकण्याचे काम केले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. लांबले तर सांभाळून घ्यावे.

भोक पाडायला पाच मिनिटे लागतात, जागा ठरवायला मात्र अर्धा तास द्यावा. आपल्या ए आणि बी विंगमध्ये विजेच्या नळ्या स्लॅबमधून येतात आणि भिंतीतून सरळ खाली स्विचबोर्डमध्ये उतरतात. त्यामुळे प्रत्येक बोर्डाच्या वरचा आणि खालचा उभा पट्टा धोक्याचा समजावा, आणि एकाच उंचीवर शेजारीशेजारी दोन बोर्ड असतील तर त्यांच्यामधला आडवा पट्टाही सोडावा. भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल तर त्या भिंतीचा नादच सोडावा, कारण पाण्याच्या नळ्या कोणत्या उंचीवरून वळवल्या आहेत हे प्लंबरलाही आठवत नसते. हे सर्व वगळल्यावर स्कर्टिंगच्या वर चार ते सहा इंचांवर, कोपऱ्यातल्या कॉलमपासून दूर, बहुधा योग्य जागा सापडते. तरीही ड्रिल सुरू करण्यापूर्वी त्या भिंतीतल्या बोर्डांचे एमसीबी (मुख्य पेटीतले वीज तोडणारे स्विच) बंद करावेत आणि ड्रिलसाठी वीज दुसऱ्या खोलीतून घ्यावी.

आतली भिंत चार इंची विटांची असते. दोन्ही बाजूंचे प्लास्टर धरून ती साडेपाच-सहा इंच भरते. आधी ६ मिमीच्या लांब बिटाने आरपार बारीक भोक पाडावे आणि मग मोठे बिट दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे घालावे. एकाच बाजूने मोठे बिट दाबत नेले तर पलीकडच्या प्लास्टरचा बशीएवढा पापुद्रा निघतो. केबलला आधीच प्लग लावलेला असेल तर १६ मिमीचे भोक लागते; नुसती केबल ओवून प्लग किंवा आयओ (भिंतीवरचा नेटवर्कचा सॉकेट) नंतर बसवायचा असेल तर १० मिमी पुरते, कारण कॅट-६ या प्रकारच्या नेटवर्क केबलची जाडी साधारण ६ मिमीच असते. भोकात पीव्हीसी नळीचा तुकडा अवश्य बसवावा, म्हणजे विटेच्या कडेवर केबलचे आवरण घासत नाही आणि उद्या केबल बदलायची झाल्यास ती सहज ओढता येते. नळीसाठी भोक तिच्या मापाने थोडे मोठे घ्यावे लागेल, हे ओघाने आलेच.

मात्र भोक पाडण्याआधी टीव्हीमागचा जुना बॉक्स एकदा उघडून पाहावा. आपल्या इमारतीत फोन आणि केबल टीव्हीसाठी खोल्याखोल्यांत नळ्या टाकलेल्या आहेत आणि त्यांतल्या वायरी आज कोणीच वापरत नाही. जुन्या वायरीचे टोक नव्या केबलला घट्ट बांधून पलीकडून हळूहळू ओढले, तर एकही वीट न फोडता काम होते. माझ्या घरी तसेच केले आहे. ओढताना हिसका देऊ नये; अडकलीच तर थोडी मागे घ्यावी आणि पुन्हा ओढावी.

बी-६०४, सकाळी ११.०५
काका, मनःपूर्वक आभार. बॉक्स उघडून पाहिला. जुनी वायर आहे, पण ती मध्ये कुठेतरी अडकली आहे आणि दोन्हीकडून ओढूनही हलत नाही. त्यामुळे भोकच पाडावे लागेल असे दिसते. ती नळी निकामी असेल तर विजेच्या नळीतून केबल नेता येईल का? तिच्यात जागा आहे, असे इलेक्ट्रिशियन म्हणतो.

ए-५०१, सकाळी ११.२०
अजिबात नेऊ नये. विजेच्या वायरीचे आवरण कधी सोलले गेले तर २३० व्होल्ट थेट तुमच्या संगणकापर्यंत आणि हातापर्यंत पोहोचू शकतात. भिंतीवरून नेतानाही दोन्ही समांतर असतील तर वीतभर अंतर ठेवावे आणि एकमेकींना ओलांडायचे असेल तेथे काटकोनात ओलांडावे.

सी-११०२, सकाळी ११.४०
चर्चा वाचून विचारतो. आमची सी विंग मायवान पद्धतीची आहे. आमच्याकडे हेच चालेल का? आमच्याकडे वायफायची अवस्था तर ६०४ पेक्षाही वाईट आहे.

ए-५०१, दुपारी १२.००
तुमच्याकडे वायफाय वाईट आहे त्याचे कारण आणि भोक पाडू नये त्याचे कारण एकच आहे. मायवानमध्ये विटा नसतात. आतल्या भिंतीसुद्धा सळयांची जाळी घालून काँक्रीटमध्ये ओतलेल्या असतात आणि इमारतीचा भार त्याच पेलतात. असे काँक्रीट रेडिओलहरी बऱ्याच प्रमाणात अडवते, आणि त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ पेक्षा जास्त अडतात. तेथे झिरी मारणे (केबलसाठी भिंतीत खाच पाडणे) तर सोडाच, ड्रिलसुद्धा सळईवर जाऊन आदळण्याची शक्यता मोठी. काँक्रीट ओतण्यापूर्वी टाकलेल्या नळ्या हाच तुमचा मार्ग आहे. त्या उपयोगी नसतील तर स्कर्टिंगच्या कडेने केसिंग-कॅपिंग (केबल झाकणारी प्लास्टिकची पट्टी) लावून दाराच्या चौकटीजवळून केबल न्यावी. दिसायला ती पट्टी थोडी खटकते, हे मान्य आहे. भाडेकरूंनाही तोच मार्ग बरा.

बी-६०४, दुपारी १२.१५
दुकानात कॅट-६ नावाच्या दोन केबली दाखवल्या. एकीची किंमत दुसरीच्या जेमतेम निम्मी आहे. फरक काय असावा?

ए-५०१, दुपारी १२.३०
स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असण्याची शक्यता आहे. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरट धातू दिसला तर परत करावी. ती तार दोन-चार वेळा वाकवली की तुटते, तिचा रोध जास्त असतो, आणि केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज द्यायची झाली तर ती अधिक तापते. भिंतीत जाणारी वस्तू दहा-पंधरा वर्षे तेथेच राहणार आहे. कॅट-६ए किंवा त्याहून वरचे काही घेण्याची मात्र गरज नाही. कॅट-६ वरून १ गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, वेग १०० मीटरपर्यंत मिळतो, आणि आपल्या घरात पंधरा मीटरच्या वर अंतर कोठेच भरत नाही.

बी-६०४, शनिवार, संध्याकाळी ७.३५
भोक ठरल्याप्रमाणे ५ वाजता पाडले, नळी बसवली, दोन्हीकडे प्लग लावले. केबल चालते आणि आवाजही तुटत नाही. मात्र वेग काही केल्या ९४ एमबीपीएसच्या वर जात नाही. तीन वेळा राउटर बंद करून सुरू केला. योजना ४०० ची असताना कंपनीकडे तक्रार करावी का?

ए-५०१, संध्याकाळी ७.५०
कंपनीचा यात दोष नसावा. वेग नेमका ९४-९५ वर अडकतो तेव्हा जोडणी १०० एमबीपीएसवर उतरलेली असते. गिगाबिटसाठी केबलमधल्या पीळ दिलेल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. १०० साठी दोनच पुरतात. म्हणजे तुमच्या आठ तारांपैकी एखादी प्लगमध्ये नीट बसलेली नाही. माझ्याकडे टेस्टर आहे, घेऊन जावा. दोन्ही टोके लावल्यावर १ ते ८ दिवे क्रमाने लागले पाहिजेत. जो लागणार नाही ती तार निसटलेली आहे.

प्लगमधल्या तारांच्या रंगांचा क्रमही तपासावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी मध्ये येऊन हिरवीला दोन्हीकडे विभागते, हे चुकल्यासारखे वाटते, पण तसेच असते. काही जण आपल्या मनाने चारही जोड्या ओळीने लावतात, दोन्ही टोकांना तीच चूक करतात आणि टेस्टरवर आठही दिवे लागलेले पाहून समाधानी होतात. केबल मात्र अडखळतच राहते, कारण पिळाची जोडी फुटलेली असते. पीळही अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडवू नये.

बी-६०४, रात्री ९.१०
सातवा दिवा लागत नव्हता. बेडरूमकडचा प्लग कापून पुन्हा लावला; आता ४०० पैकी ३८९ मिळतात. काका, टेस्टर उद्या सकाळी आणून देतो.

सी-११०२, रात्री ९.२५
आमच्या टीव्हीमागची नळी मोकळी निघाली आणि वायर ओढल्यावर हलतेही आहे. टेस्टर ६०४ कडून परस्पर घेतला तर चालेल का?

ए-५०१, रात्री ९.३०
अवश्य घ्यावा. त्यातली ९ व्होल्टची बॅटरी मात्र उतरत आली आहे, नवी आणावी.