एक मिनिटाच्या ओळखीत लोकांचं लक्ष कसं धरून ठेवायचं?

पॅटर्नवाला_उद्यमनगर
मंडळी, आमचं उद्यमनगरात पॅटर्न शॉप आहे, फौंड्रीला (ओतकामाच्या कारखान्याला) लागणारे लाकडी आणि अॅल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा तयार होतो ते नमुने करतो. दर आठवड्याला बिझनेस ग्रुपची मीटिंग असते, प्रत्येकाला ६० सेकंद. समोर डॉक्टर, सीए, केटरर, साडीवाले. मी फर्मचं नाव, कधी सुरू झाली, क्वालिटी, सर्व्हिस एवढं सांगेपर्यंत निम्मे मोबाईलमध्ये. शिरोली एमआयडीसीतले दोघं सोडले तर पॅटर्न म्हणजे काय हेच कुणाला माहीत नाही. काय करावं?

बीडकाम
भावा, तुझ्याकडं लै भारी गोष्ट आहे की! साधी ३०० मिमीची पट्टी आणि तुमची बिडासाठीची (ओतीव लोखंडासाठीची) श्रिंकेजवाली, म्हणजे आकसण्याचा हिशोब धरून आखलेली पट्टी दोन्ही घेऊन जा, शून्याला शून्य लावून वर धर आणि विचार, यातली बरोबर कुठली? दोन्हीवर ३००च लिहिलंय पण एक ३ मिमी लांब. लोकं विचारात पडली की मग सांग, बीड गार होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करावा लागतो, स्टील असेल तर जवळपास २ टक्के. फर्म कधी सुरू झाली ते राहू दे, त्यानं कुणाचं काय अडलंय.

चप्पललाईन_ताई
आयडिया छान आहे पण मागच्या ओळीला ३ मिमी दिसणार नाही. पट्टी पुढच्या माणसाच्या हातात द्या, त्यालाच मोठ्यानं वाचायला लावा. मी चप्पल देते आणि म्हणते यात खिळा शोधून दाखवा, अस्सल हातच्या कोल्हापुरीत खिळा नसतोच, चामड्याच्या वादीनं शिवलेली असते, पण एकदा हातात घेतली की माणूस उलटीपालटी करून बघतोच आणि शेजारचापण वाकतो. शेवटची १५ सेकंद मात्र मागण्यासाठी ठेवा. "काही काम असेल तर सांगा" म्हटलं की कुणाला कोण आठवत नाही. पंप किंवा व्हॉल्व्ह बनवणारा कुणी ओळखीचा आहे का, असं नेमकं विचारा, मग सीएला लगेच त्याचा क्लायंट आठवतो.

बीडकाम
ताईंचं बरोबर आहे. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प उभा रहा, उत्तर स्वतःच देऊन टाकू नको, दोन-तीन सेकंद जाऊ देत.

पॅटर्नवाला_उद्यमनगर
ताई, दादा, मनापासून आभार. शॉपमध्ये १ मीटरची पट्टीपण आहे, त्यात १० मिमीचा फरक पडतो, तो मागून दिसेल. तीच न्यायची म्हणतोय, आणि वाचायला केटररना देतो, त्यांचा आवाज हॉलभर जातो.